मुके ब्रेक

“हे आपले पॅड नाहीत,” हितेंद्र म्हणाला.

सावदा-फैजपूर रस्त्यावरच्या गॅरेजात त्याची निळी स्पोर्ट्स कार जॅकवर चढवलेली होती. कालच ती कोइमतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवरून ट्रकवर लादून आणली होती. गॅरेजवाल्या नवलने पुढचं चाक उतरवून काढलेला ब्रेक पॅड हितेंद्रच्या तळहातावर होता. काळाठिक्कर, कडांचा चुरा झालेला. पाठीवरचा नंबर त्याने पुन्हा वाचला. आपल्या पॅडचा नंबर त्याला पाठ होता. दोन महिने घोळ घातला होता दोघांनी त्या पॅडसाठी!

साधे घातले तर शर्यतीच्या ट्रॅकवर चार चकरांत जळतात. रेसचे घातले तर थंड असताना धरतच नाहीत, आणि हितेंद्र रोज सकाळी याच गाडीने केळीच्या वखारीवर जायचा. रस्त्यात शाळेची पोरं, ट्रॅक्टर, मध्येच एखादी म्हैस. शेवटी दोन्हीकडे चालणारे मधले सापडले. त्यांना खोड एकच, गाडी हळू चालवली की बेंबीच्या देठापासून किंचाळायचे. “किंचाळू दे भो,” नवलच म्हणाला होता. “वाजू राहिले म्हणजे शाबूत आहेत समजायचं.”

आता तोच नवल चाकाचे नट उगाच डब्यात खालीवर करत होता.

“मी बदलले, साधे घातले,” तो म्हणाला. “सर्व्हिसिंगला आली होती तेव्हा.”

“कोणाला विचारून?”

“आबांनी सांगितलं.”

आबा म्हणजे हितेंद्रचे वडील, जीवरामभाऊ. ब्रेकमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण चारचौघांत झालेली फजिती बरोबर कळत होती. गावात कोणी चांगली गाडी घेतली की लग्नसराईत ती त्याची राहतच नाही, अख्ख्या गावाची होते. भावकीतल्या तेजसला वरातीत मिरवायला हीच दिली होती. बॉनेटवर झेंडूच्या माळा, पुढे बँड, आणि दर दहा पावलांना गाडीची किंकाळी. बँडवालेसुद्धा वळून बघायला लागले. कोणीतरी ओरडलं, “जीवरामभाऊ, गाडीला तेल पाजा!” सगळी वरात खो खो हसली. त्या दिवशी आबा घरी येऊन जेवले नाहीत.

“म्हणाले, आपल्या दीपकच्या लग्नात ही शोभा नको,” नवल सांगू लागला. दीपक नवलचा धाकटा भाऊ. “आणि म्हणाले, हितूला सांगू नको, तो ऐकणार नाही. मी काय करू? या गॅरेजची जागा त्यांची. लहानपणापासून त्यांच्या ताटात जेवलो. तोंडावर नाही म्हणू त्यांना?”

“लग्न झाल्यावर परत टाकायचे होते.”

“टाकणारच होतो. राहून गेलं.”

राहून गेलं! हितेंद्रच्या डोक्यात तिडीक गेली. किंचाळणं बंद झालं तेव्हा त्याने स्वतःहून विचारलं होतं. आणि हाच माणूस डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला होता, “घासून घासून बसले आता.” त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला. तीस वर्षांची दोस्ती, दुसरं काय करणार होता?

“निघायच्या आदल्या दिवशी मी फोन केला होता तुला,” तो म्हणाला. “ब्रेक बघून देतो का, म्हणून.”

“मी भडगावला होतो, सासरवाडीत. एवढ्या माणसांत फोनवर कसं सांगू?”

“तू म्हणाला, एकदम ओके आहे, जा.”

नवलने नटांचा डबा उचलून हातात घेतला.

“चौथ्या चकरेला वळण आलं. पेडल दगडासारखं कडक. मी जवळजवळ उभा राहिलो त्याच्यावर, पण गाडी थांबेना. दीडशेचा स्पीड होता, नवल. खडीत घुसली म्हणून वाचलो. समोरची भिंत इथून तुझ्या कंप्रेसरएवढी लांब राहिली होती.”

“तुला काही झालं नाही ना, देव पावला,” नवल पुटपुटला.

“शेजारी दीपक होता.”

नवलच्या हातातला डबा सुटला. नट फरशीभर घरंगळले.

“दीपक? तो तर नुसता बघायला गेला होता.”

“बसू दे म्हणाला, बसवला. तुला सांगू नको म्हणाला, उगाच काळजी करशील. मी त्याला विचारलं, भीती वाटते का? तर हसला. दादाने बसवलेत ब्रेक, म्हणाला, घाबरायचं काय?”

नवलने खाली बसून नट गोळा केले. मग उठला, वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा काढला. त्यात ते जुने पॅड होते, स्वच्छ पुसून ठेवलेले. त्याने पाना उचलला.

“दे इकडे,” हितेंद्र म्हणाला.

“अरे, तुला येत नाही.”

“शिकतो.”

इस्त्रीच्या शर्टानिशी तो चाकाच्या जागेपाशी उकिडवा बसला. आयुष्यात त्याने गाडीचा एक नट फिरवला नव्हता. कधी गरजच पडली नव्हती.

“आधी काय करायचं?”

“पिस्टन मागे दाब. पूर्ण. मग पॅड बसव,” नवल म्हणाला.

हितेंद्रने मान हलवली. मग खिशातून फोन काढला आणि जळगावच्या एका गॅरेजवाल्याला लावला. त्या माणसाला तो एकदाच भेटला होता, तेही पाच मिनिटं. नवलच्या देखत त्याने त्याला तेच विचारलं.

“पिस्टन मागे दाबा साहेब,” स्पीकरवर तो माणूस म्हणाला. “पूर्ण. मग पॅड.”

हितेंद्रने फोन ठेवला, आणि मगच पिस्टनला हात घातला.