खिडकीजवळची मुलगी

रेश्माचं लग्न झालं त्या वर्षी तिची धाकटी बहीण सेजल पोलादपूरच्या शाळेत नववीला होती. संध्याकाळी ती आजोबांना मोबाइलवर शाळेची मालिका दाखवायची.

"आजोबा, हा हिरो. हा जाड्या, नुसता हसवायला ठेवलाय. ही चष्मेवाली, चष्मा काढला की एकदम सुंदर होणार. सगळ्या मालिकांत हीच पोरं असतात."

"आन् ह्यात तू कुठची गो?"

सेजल हसली. "ती मागं खिडकीजवळ बसलीय ना, ती. तिला एक वाक्य नाय. वर्ग भरलेला दिसावा म्हणून बसवलीय."

तेव्हापासून हैबतीआजोबा हिरोकडे बघेनासे झाले. त्यांचे डोळे खिडकीजवळच्या मुलीवर. "आज मान वर केलीन गो. उद्या बोलंल बघ."

श्रावणात सेजलच्या पोटात वर्गातच कळ आली. शाळा सुटेपर्यंत ती तशीच बसून राहिली. महाडच्या दवाखान्यात नेलं तोवर अपेंडिक्स फुटलं होतं.

"बाईंना सांगायचं नाय का गो?" आजोबांनी तिचा हात धरून विचारलं.

"बाई शिकवत होत्या, आजोबा. मधेच मी कशी बोलू?"

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेजल वारली.