तेलाचे तीन हात

तेलाचा पहिला हात जगदीशनं सकाळी दहाला दिला, दुसरा साडेअकराला. तिसरा देताना मात्र तो स्वयंपाकघराकडे पाठ करून बसला.

गिटार राजसची, त्याच्या एकुलत्या एक मुलाची. तारा काढून ठेवलेल्या, मानेवरची, बोटं फिरतात ती शिसवी पट्टी उघडी पडलेली. लखनऊच्या उन्हाळ्यातली गरम लू आणि हिवाळ्यातला हीटर, दोघांनी मिळून ती पट्टी पार पांढुरकी करून टाकली होती, उललेल्या टाचेसारखी. राजसनं निघताना टेबलावर एक छोटी बाटली ठेवली होती. पाण्यासारखं पातळ मिनरल ऑइल. लावायचं, दहा मिनिटांनी पुसायचं, संपलं काम.

"बाबा, आप कर देंगे? मुझे नए तार लेने हजरतगंज जाना है," तो म्हणाला होता. दोन महिन्यांत बापाशी बोललेलं हे त्याचं पहिलं धड वाक्य.

"जा तू. अशी काळीभोर करून ठेवतो की बघत राहशील!"

आणि केलीही की. फक्त त्या बाटलीतल्या तेलानं नव्हे. राजसची स्कूटर अलीगंजच्या चौकापलीकडे गेली असेल-नसेल, तोच जगदीशनं माळ्यावरून जवसाच्या कच्च्या तेलाचा डबा काढला. दारं-खिडक्यांना चोपडायचं तेल ते. दाट, चिकट. दर वेळी पट्टीवर भरपूर ओतलं, फडकं लावलं नाही, वर हीटर जवळ ओढून ठेवला. तेलं आणि रंग यांचं रसायनशास्त्र अठ्ठावीस वर्षं कॉलेजात शिकवणारा माणूस हा, झोपेतून उठवला तरी डबा चुकायचा नाही.

संध्याकाळी पावणेआठची मुंबईची गाडी होती. परवा तिथे एका स्टुडिओत राजसला वाजवून दाखवायचं होतं. पसंत पडला तर कायमचं काम. मग एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष गेलं चुलीत. मुंबईचं पाणी एकदा लागलं की पोरगं या घरात पाय ठेवायचं नाही, हे जगदीशनं मनाशी धरलं होतं. भांडून झालं. अबोला धरून झाला. सरळ बोटानं तूप निघेना, तेव्हा त्यानं बोट वाकडं केलं.

पाच वाजता राजस आला. गळ्यात मफलर, हातात तारांचं पाकीट. पट्टी बघितली आणि त्याचा चेहरा असा उजळला, की जगदीशला दुसरीकडे बघावं लागलं.

"अरे वाह, बाबा! एकदम नई लग रही है यार!"

त्यानं बोट फिरवलं. बोट चिकटलं. फडक्यानं पुसायला गेला तर फडक्याचे धागेच पट्टीला लागले. मग त्याचं लक्ष टेबलावरच्या बाटलीकडे गेलं.

"ये तो खुली ही नहीं."

"माळ्यावरचं लावलं," जगदीश म्हणाला. "म्हटलं, त्यानं रंग जास्त चढेल. चुकलं असेल बाबा. मला काय कळतंय तुमच्या गिटारीतलं?"

राजसची आई विभा दारात मटार सोलत बसली होती. "ओरडू नकोस रे त्यांच्यावर," ती म्हणाली. "सकाळपासून त्या गिटारीला धरून बसलेत. मनापासून केलंय त्यांनी."

राजस ओरडला नाही. खुर्चीत बसला, गिटार मांडीवर घेतली, घड्याळात बघितलं. बापानं दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यासाठी काही केलं होतं, आणि तेही असं. "ठीक है," तो म्हणाला. "गलती हो जाती है. बाबा, ये सूखेगा कब तक?"

"कच्चं जवसाचं, तीन हात, न पुसलेलं," जगदीश म्हणाला. "या दमट थंडीत आठ ते दहा दिवस. त्याआधी तारा चढवल्यास तर बोट सरकायचं नाही."

विद्यार्थ्यानं विचारावं आणि सरांनी चुकीचं उत्तर द्यावं, असं अठ्ठावीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

मटारची शेंग विभाच्या हातात तशीच राहिली. "अहो," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग लपवायला काही उरलंच नाही म्हटल्यावर जगदीश भडकला.

"होतं माहीत! मग? तो गेला की परत येणार नाही, हे मला एकट्यालाच दिसतंय का या घरात? तू बस मटार सोलत!"

राजस उठला. जॅकेटच्या आतल्या खिशातून त्यानं घडी घातलेले दोन कागद काढले. एक बघून परत खिशात ठेवला. दुसरा उलगडला, पट्टीवर आडवा ठेवला आणि तळहातानं दाबला. चांगला जोर लावून दाबला. हात फडक्याला पुसला, पाठीवर बॅग चढवली.

"गिटार एका दोस्ताची मागून घेतो, आई. चलता हूँ." बापाकडे त्यानं बघितलंही नाही.

जिना उतरल्याचा आवाज आला, फाटकाचा आला. विभा हाक मारत खाली धावली.

जगदीशनं कागदाचं एक टोक धरून ओढलं. टोक तेवढं फाटून हातात आलं. बाकीचा कागद पट्टीला घट्ट बसला होता आणि खालचं तेल त्यात चढत होतं. तेलानं छापील अक्षरं उलट जास्तच ठळक दिसायला लागली. मुंबई ते लखनऊ. येत्या सोमवारचं परतीचं तिकीट, राजसच्या नावाचं.