खिडकीतल्या काकूंचा करार

"आई, सही कर ना. सगळा स्टुडिओ तुझ्यावाचून अडलाय," अमोघ म्हणाला.

अडला होता खराच. त्यांचा गल्ली क्रिकेटचा व्हिडिओ गेम एक परदेशी कंपनी स्टुडिओसकट विकत घेत होती. त्यात काच फुटली की खिडकीतून ओरडणाऱ्या काकूंचा आवाज आईचा होता. लोक मुद्दाम काचा फोडायचे, ते तो ऐकायला. मात्र तिची लेखी परवानगी कुणी घेतलीच नव्हती.

दुय्यम निबंधक कचेरीतून निवृत्त झालेल्या आईने अकराही पानं वाचली.

"माझा आवाज कायमचा त्यांचा. आणि तू?"

"तीन महिने ठेवतील. मग बघू म्हणाले."

"अस्सं." तिने समासात मराठीत लिहिलं, 'मुलगा नोकरीवर असेपर्यंतच', आणि खाली सही ठोकली. परदेशी वकिलांना ती लांबलचक सहीच वाटली. त्यांनी शेजारी आपली केली.

तीन महिन्यांनी चाळीस जणांना नारळ मिळाला. अमोघचा निघणार तोच कुणीतरी समासाचं भाषांतर करून घेतलं. तो राहिला.

रिकाम्या ऑफिसातून तो घरी आला, तेव्हा आई पोळ्या लाटत होती.

"बाकीच्यांनी आपापल्या आयांना कागद दाखवले नव्हते का रे?"