पावलांची ओळख

दवाखान्यातून घरी येताना औषधांच्या दुकानाचं दार दिगंबररावांसाठी उघडलं नाही, गल्लीच्या तोंडाचं फाटकही नाही. हल्ली सगळी दारं माणसाला पावलांवरून ओळखत, आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर दिगंबररावांचं पाऊल पूर्वीचं राहिलं नव्हतं. दोन्हीकडे बायको पुढे चालली, तेव्हा कुठे वाट मिळाली.

"घर तरी ओळखेल का गं?" ते म्हणाले.

"बघू की," मालूताई म्हणाल्या.

घराचं कुलूप मालूताईंच्या हातचं. ओट्यावर बसून, वायरींना डाख देऊन त्यांनी विजेवर सरकणारा सोलेनॉइडचा खटका बसवला होता. दिगंबरराव पायरी चढले की तो आतून टक् करायचा, कुणी 'आलात?' म्हणावं तसा.

आज मालूताई मुद्दाम मागे राहिल्या. दिगंबररावांनी काठी टेकली, डावा पाय ओढला, पुन्हा काठी टेकली. आपल्याच दारात परकं ठरायच्या भीतीनं ते पायरीवर थबकले.

टक्. दार उघडलं.

शेजारच्या कुंदावहिनी गच्चीच्या कठड्यावरून वाकल्या. "मालू, आता तरी सरळ चालशील ना? भावोजी, तुम्ही दवाखान्यात, आणि ही रोज पायरीवर काठी टेकत पाय ओढतेय. आम्हाला वाटलं, हिलाही झटका आला."

"दाराला यांची नवी चाल शिकवत होते," मालूताई चपला काढत पुटपुटल्या.

दिगंबरराव उंबरठ्यावरून हळूहळू मागे फिरले आणि पायऱ्या उतरले.

"अहो, कुठं निघालात?"

"दार लावून घे," ते म्हणाले. "मी पुन्हा एकदा येतो."