कागद दाबायचा कुत्रा

पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनाचे मुख्य परीक्षक ब्रिसॉ यांनी क्लोतिल्दनं घडवलेला वीतभर ब्राँझचा शिकारी कुत्रा उचलून पाहिला आणि नाक मुरडलं.

"मादाम, कलेत देव येतात, राजे येतात. कुत्र्या-मांजरांना तिथं कोण विचारतंय? हा आपला कागद दाबायला बरा!"

असं म्हणत त्यांनी तो मेजावरच्या अर्जांच्या ढिगावर आदळला. त्याच ढिगावर त्यांचा लठ्ठ बोका पसरला होता, मंत्री आले तरी जागचा न हलणारा. त्यानं एक डोळा उघडला. कुत्रा दिसताच शेपूट फुगवून, फिस्कारत तो थेट पडद्यावर चढला आणि सगळे अर्ज खोलीभर उडाले.

क्लोतिल्दनं कुत्रा उचलून हलकेच पुसला.

"कागद दाबायला तर हा कुचकामीच निघाला, साहेब. आता प्रदर्शनातच मांडा!"