बाबांच्या खोलीची खिडकी

या, असे जवळ सरका. देवाने एका बापलेकाला खिडकीपाशी कसं उभं केलं, ते सांगायचंय.

बाप जन्मभर सुतारकाम केलेला, मुलगा कचेरीत. वर्षभरापासून बापाला घरातल्या कुणाचीच ओळख राहिली नव्हती. त्याच्या खोलीच्या कुजक्या खिडकीतून वारा आत यायचा आणि खोकला काही हटत नव्हता, म्हणून मुलगा फोनवर बघून स्वतःच नवी खिडकी बसवायला लागला. बायको म्हणाली, "सुताराच्या घरात फोनवरून सुतारकाम शिकतात, एवढं बघायचं राहिलं होतं."

चौकट काही केल्या भिंतीत जाईना. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "एकाच जागी माप घेतलंस ना? जुनी भिंत कधी सरळ नसते. वर, मध्ये, खाली मोज आणि सगळ्यात कमी भरेल ते धर."

मुलाने हातातली चौकट खाली ठेवली. वर्षात पहिल्यांदा बाप त्याच्याशी धड बोलला होता. त्याने सांगितल्यासारखं मोजलं, कडेला रंधा मारला आणि चौकट अलगद आत बसली. मग तो पलंगापाशी येऊन टेकला. "बाबा, ओळखलंत ना मला?"

"न ओळखायला काय झालं? तू खिडकीवाला," म्हातारा म्हणाला. "हात चांगला आहे तुझा."

मग म्हाताराच पुढे म्हणाला, "माझा पोरगा लहानपणी पटाशीसाठी रडायचा, पण बोटं कापतील म्हणून मी कधी दिली नाही; कुठे भेटलाच तर त्याला हे काम शिकव, आणि बाप रोज आठवण काढतो, एवढं सांगायला विसरू नकोस."