खेळाचा तास

नववीच्या वर्गात वर्षातून एकदा वजनकाटा यायचा, तेवढंच काय ते शारीरिक शिक्षण. एरवी खेळाचा तास गणिताला जायचा आणि मैदानात शिक्षकांच्या गाड्या उभ्या असायच्या. यंदा वर्गातली ती काट्यावर चढली, तसा खेळाच्या सरांनी आकडा खड्या आवाजात वाचला. मुलं फिदीफिदी हसली. “जरा हातपाय हलवत जा,” सर म्हणाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कुठे हलवू, सर?” तिने विचारलं. काटा सरांच्या टेबलावर आदळून ती दाराबाहेर पडली. “अगं, कुठे चाललीस?” सर ओरडले. “धावायला. हा खेळाचा तास आहे.” गाड्यांना वळसे घालत ती धावू लागली. अर्ध्या फेरीतच धाप लागली, बरगडीत कळ आली. चौदाव्या वर्षी ही गत, याचा तिला त्या हसण्यापेक्षा जास्त संताप आला. मुख्याध्यापकांच्या गाडीवर जोरात थाप मारून ती पुढे धावली.